ई-रीडर आणि जाडजूड कादंबऱ्या : दहाएक महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सहा इंची ई-रीडर घेतला, तो एकाच कामासाठी. टॉलस्टॉय, सर्वांतेस, होमर, चेखव ही नावं कॉलेजपासून कानावर होती, ती मंडळी एकदा नीट वाचायची होती. आता बाजारात आंबा आलाय, म्हणजे सांगण्याइतका वापर झाला. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी लिहितेय ते या किमतीतल्या बहुतेक रीडरना लागू पडावं.

यंत्राबद्दल थोडक्यात. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. ‘वॉर अँड पीस’ची छापील प्रत हजार-बाराशे पानांची असते, ती लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून वाचून बघा, म्हणजे फरक कळेल. ई-इंकचा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही, उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं, आणि रोज तासभर वाचूनही चार्जरची आठवण दोन-तीन आठवड्यांनी होते. पीडीएफसाठी मात्र घेऊ नका. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं या पडद्यावर वाचवत नाहीत. ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाने मजकूर जुळवून घेणारी पुस्तकाची फाइल, मिळाली तरच मजा आहे.

आणि जुन्या पुस्तकांच्या ईपब फुकट मिळतात, तेही कायदेशीर. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा फुकट ई-पुस्तकांचा संग्रह १९७१मध्ये सुरू झाला. मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तिथपासून. आज तिथे सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. स्टँडर्ड ईबुक्सवर त्यातलीच बरीच पुस्तकं स्वयंसेवकांनी पुन्हा तपासून, नेटक्या मांडणीत ठेवली आहेत. दोन्हीकडे असेल तर मी दुसरीकडची प्रत घेते.

पण डाउनलोडचं बटण दाबण्याआधी अनुवादकाचं नाव बघायचं. हा या लेखातला सर्वांत कामाचा सल्ला समजा. फुकट मिळतात ते अनुवाद हक्क संपलेले, म्हणजे जुने असतात, आणि जुन्या-जुन्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. होमरचंच घ्या. ‘ओडिसी’चा सॅम्युअल बटलरने केलेला गद्य अनुवाद १९००चा आहे. तो सरळ, ओघवता आहे आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला अडखळू देत नाही. फक्त देवदेवतांची नावं रोमन आहेत. अथीना शोधाल तर सापडणार नाही, ती तिथे मिनर्व्हा आहे आणि ओडिसियस हा युलिसिस. हे आधी माहीत असलं की झालं. त्याच्याही आधीचे काही अनुवाद मुद्दाम बायबलच्या जुन्या इंग्रजीत केलेले आहेत. ते पहिल्या भेटीला नकोत. पैसे खर्च करायची तयारी असेल तर एमिली विल्सनचा २०१७चा अनुवाद घ्या. मी तो बटलरनंतर वाचला. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी आलेल्या मालकाला फक्त म्हातारा कुत्रा ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो आणि मरतो. हा प्रसंग दोन्हीकडे वाचला आणि दोन्ही वेळा पुढे जाववेना.

‘वॉर अँड पीस’साठी गुटेनबर्गवर लुईज आणि एल्मर मॉड या दांपत्याचा अनुवाद आहे. दोघं रशियात राहिलेले, टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखणारे. ३६१ प्रकरणं आहेत आणि बहुतेक छोटी, चार-पाच पानांची. त्यामुळे कुर्ला ते ठाणे एक-दोन प्रकरणं आरामात होतात. कादंबरी अवघड नाही, माणसं फार आहेत, एवढंच. इथे रीडरच्या शोध-सुविधेने मला तारलं. दोनशे पानांनंतर एखादा अधिकारी पुन्हा उगवतो, तेव्हा त्याच्या नावावर बोट दाबून धरायचं, शोध घ्यायचा, पहिल्यांदा कुठे आला होता ते बघून परत यायचं. एक खुबी सांगून ठेवते. या प्रतीत रशियन नावांवर उच्चाराची चिन्हं दिली आहेत, त्यामुळे माझ्या रीडरवर नाव साध्या अक्षरांत टाइप केलं तर निकाल शून्य येतो. मजकुरातल्या नावावरच बोट दाबून शोधलं की लगेच सापडतं.

या सुविधेने मला या कादंबरीतला एक सर्वांत मोठा क्षण मिळवून दिला. (पुढची गोष्ट आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) रोस्तोव घराण्यातला धाकटा पेत्या, जेमतेम मिसरूड फुटायच्या वयाचा, डेनिसोवच्या गनिमी तुकडीत येऊन पोचतो. थोरांमध्ये बसायला मिळालं या आनंदात तो सगळ्यांना मनुका देऊ करतो. बिनबियांच्या, छान मनुका, दहा पौंड घेतल्यात, मला गोड खायची सवय आहे ना, असं काहीबाही बोलत. पकडलेल्या फ्रेंच पोराला जेवायला मिळालं का, याची त्याला काळजी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळी लागून पडतो. डेनिसोव घोड्यावरून उतरतो, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवतो, आणि त्याला आठवतात त्या मनुका. बाकी काही नाही. मी तिथे थांबले, ‘मनुका’साठीचा इंग्रजी शब्द शोधला आणि काही प्रकरणं मागे जाऊन ते पान पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी मी ते पोराटकीचं बोलणं म्हणून झरझर पुढे नेलं होतं, आणि टॉलस्टॉयनेही ते तसंच जाऊ दिलं होतं, काही ठासून न सांगता. एवढा मोठा लेखक म्हणजे काय, ते मला त्या दोन पानांच्या मध्ये समजलं.

‘डॉन किहोते’ जॉन ऑर्म्सबीच्या १८८५च्या अनुवादात वाचली. पहिला भाग १६०५चा, दुसरा १६१५चा. मधे, १६१४मध्ये, कुणीतरी टोपणनावाने खोटा दुसरा भाग छापून मोकळा झाला. सर्वांतेसने काय करावं? खऱ्या दुसऱ्या भागात त्याचा नायक एका खानावळीत उतरतो, शेजारच्या खोलीतली माणसं तो खोटा भाग वाचताना ऐकतो, आणि त्यातला तोतया सारागोसाला गेला म्हणून आपण तिकडे न जाता बार्सिलोनाची वाट धरतो! चारशे वर्षांपूर्वीचा माणूस इतका मोकळा आणि खट्याळ लिहितो, याचा आनंद मला कितीतरी दिवस पुरला. पहिल्या भागात मधूनमधून येणाऱ्या लांबलचक उपकथा कंटाळा आणतात, तिथे सरळ पुढे जा. दुसरा भाग पहिल्याहून सरस आहे, तिथवर पोचणं महत्त्वाचं.

चेखवच्या कथा कॉन्स्टन्स गार्नेटच्या अनुवादात आहेत, तेरा खंड. कुणाला सुरुवात कुठून करू असं विचारायचं असेल, तर माझं उत्तर चेखव. एका बैठकीत एक कथा संपते आणि रात्रभर सोबत राहते. ‘वॉर्ड नंबर ६’ जरा लांब आहे, ती सुट्टीच्या दिवशी घ्या.

देवनागरी ईपब माझ्या रीडरवर व्यवस्थित उघडतात, जोडाक्षरं तुटत नाहीत. घेण्याआधी दुकानात एक मराठी फाइल टाकून बघाच, सगळ्याच रीडरवर हे नीट होत नाही. शब्दकोशही तपासा. इंग्रजी शब्दावर बोट ठेवल्यावर अर्थ लगेच वर आला पाहिजे, पान सोडून जावं लागता कामा नये. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत पानागणिक एक-दोनदा तरी याची गरज पडते.

मात्र ज्यांचं मराठी चांगल्या हातांनी झालंय, ती पुस्तकं मी मराठीतच आणि कागदावरच वाचते. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पु.लं.च्या ‘एका कोळियाने’मध्ये, थोरोचं तळं दुर्गाबाईंच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’मध्ये. पुढचा नंबर गटेचा आहे, आणि ‘फाउस्ट’चा पहिला भाग विंदांनी मराठीत आणलाय. त्यामुळे त्यासाठी रीडर बाजूला ठेवून मी ग्रंथालयात नाव नोंदवून आले आहे.