ग्रेट बेडविन: चौदा महिने राहून झाल्यावर

लंडनबाहेर एखाद्या शांत गावात घर घ्यावं का, असं गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चौघांनी तरी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. गाव विल्टशरमधलं, लंडनच्या पॅडिंग्टनपासून थेट गाडी मिळाली तर साधारण सव्वा तास. आम्ही दोघं, घर भाड्याचं. मला आठवड्यातून दोनदा ऑफिस, नवऱ्याला चारदा.

आधी गाडीचं, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. लंडनच्या बऱ्याच गाड्या इथूनच सुटतात. बारा वर्षं डोंबिवलीहून लटकत गेलेल्या बाईला रिकाम्या डब्यात खिडकी निवडून बसण्याचं सुख काय असतं, हे वेगळं सांगायला नको. पण विजेच्या तारा न्यूबरीपर्यंतच आल्यात. पुढे डिझेल, आणि कित्येकदा न्यूबरीला गाडी बदलावी लागते. नोव्हेंबरात परतताना माझी लंडनची गाडी न्यूबरीला सात मिनिटं उशिरा पोचली आणि आमच्या गावच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा बघायला मिळाला. पुढची तासाभराने. टॅक्सीवाल्याला फोन केला, तर आज कोणी मोकळं नाही म्हणाला.

मी २८ दिवसांत ८ दिवस चालणारा फ्लेक्सी पास काढते, दोन दिवसांच्या ऑफिसला तो चोख बसतो. पाचही दिवस जायचं असेल तर इथे राहायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबरात इथे चारलाच सूर्य मावळतो. अंधारात निघून अंधारात परतणाऱ्याला गाव दिसतं ते फक्त शनिवार-रविवारी.

आता थंडी. घराला गॅसची लाइन नाही, परसात घर तापवायच्या तेलाची हिरवी टाकी आहे. टँकरवाला ५०० लिटरच्या खाली येत नाही, ही पहिली शिकवण. टाकीचा काटा अधूनमधून बघायचा असतो, ही दुसरी, आणि ती जानेवारीत मिळाली. नऊ दिवस टँकर आला नाही. दोन विजेचे हीटर, एकच खोली, आईने शिवलेल्या दोन गोधड्या. शेजारच्या आजी सरपणाची टोपली घेऊन आल्या आणि काटा बघून म्हणाल्या, "तेल ऑगस्टात भरतात." गावातली वीसेक घरं मिळून एकदम तेल मागवतात, भाव कमी पडतो, हे तेव्हा कळलं. त्याआधी आठ महिन्यांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लोक वाईट नाहीत हो, पण स्टेशनवर धावत जाणाऱ्याला थांबवून कोण सांगणार? मी घरून काम करायच्या दिवशी अकराच्या सुमाराला दुकानात दूध आणायला जायला लागले, तेव्हा कुठे नावाने हाक ऐकू आली.

रात्रीचं एक सांगते. पहिल्या आठवड्यात मागच्या शेतात कुत्रं भुंकत होतं, एकाच सुरात, अर्धा तास. खिडकीतून टॉर्च मारला तर भेकर, ते भुंकणारं छोटं हरीण! आपल्या सह्याद्रीतल्याचंच भावंड, चीनमधून इंग्लंडात आणलेली जात. त्याने माझे पालकाचे दोन्ही वाफे साफ केलेत. तरी त्याच्यावर राग धरवत नाही.

कालव्यासाठी मात्र पैकीच्या पैकी. केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पुरा झाला. त्याच्या काठाकाठाने तासभर रमतगमत गेलं की क्रॉफ्टनचं पंपघर लागतं. तिथलं १८१२ सालचं वाफेचं इंजिन ठरावीक दिवशी अजून चालवतात आणि ते खरोखर पाणी उपसतं. त्याची ती लांबलचक तुळई आरामात वर-खाली होताना बघत मी एकदा पाऊण तास उभी होते.

किराण्याला कार हवीच. कढीपत्ता, कोकम लागलं की स्विंडन. तिथे गोव्याची माणसं बरीच आहेत, त्यामुळे बांगड्याचा भाव कोकणीत विचारता येतो.

यंदा तेल ऑगस्टात भरलं आणि भाडेकरारही वर्षभर वाढवला. संध्याकाळी न्यूबरीहून नवऱ्याचा "मिळाली" असा मेसेज आला की मी कुकर लावते. वीसेक मिनिटांत तो स्टेशनवर उतरतो. "चुकली" आलं, तर तांदूळ अजून तासभर भिजतात.