स्वाहिलीचे उपसर्ग: दारेसलाममध्ये रोज वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतल्या भाषेच्या उपसर्गांची जी दहशत घातली जाते ती मराठी माणसाने मनावर घेऊ नये. आपल्याला हे येतं, फक्त दुसऱ्या टोकाने येतं. खरा त्रास कानाला होतो आणि शब्दकोश उघडल्यावर होतो, पण त्याबद्दल कुणी आधी सावध करत नाही. शिवाय मी वापरलेली पुस्तकं आणि एक ॲप हे सगळं उलट्या बाजूने शिकवत होती. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मी इथे टांझानियात एका औषध वितरकाकडे साठा आणि हिशेब सांभाळते. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण गोदाम, ट्रक, बंदर, भाजीबाजार, सगळं स्वाहिलीत. परीक्षेसाठी शिकणाऱ्यांना माझं म्हणणं थोडं वेगळं वाटेल.

पाया समजायला किताबू हा शब्द पुरेसा आहे. शब्द अरबीतून आलेला, आपल्याही ओळखीचा. पण स्वाहिलीत नामांचे गट असतात आणि प्रत्येक गटाला आपापला उपसर्ग; 'कि' हा वस्तूंचा एकवचनी उपसर्ग आणि 'वि' हे त्याचं अनेकवचन. इथल्या लोकांनी किताबातला 'कि' आपलाच धरला आणि अनेकवचन केलं 'विताबू'. आता 'माझं मोठं पुस्तक हरवलं' म्हणायचं तर 'किताबू चांगू किकुब्वा किमेपोतेआ'. पुस्तकं अनेक असली की 'विताबू व्यांगू विकुब्वा विमेपोतेआ'. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं तोंड बदललं. इंग्रजी माध्यमातून लिहिलेल्या पुस्तकांत इथे मोठा बाऊ असतो. पण 'माझं मोठं पुस्तक हरवलं, माझी मोठी पुस्तकं हरवली' यात आपण दुसरं काय करतो? आपणही चारही शब्द बदलले, शेपटाकडून बदलले एवढंच. हे आपण तीन वर्षांच्या पोराकडून बिनचूक वदवून घेतो.

साम्य इथेच संपत नाही. मराठीत मोठा-मोठी-मोठं होतं, पण सुंदर आणि लाल जागचे हलत नाहीत. स्वाहिलीतही '-कुब्वा' (मोठा), '-झुरी' (चांगला) यांना प्रत्येक वेळी नवा उपसर्ग लागतो, पण अरबीतून आलेले साफी, राहिसी (सोपं), घाली (महाग) तसेच्या तसे राहतात. आकड्यांचंही तसंच. पाच माणसं म्हणजे 'वातू वातानो', दोन वस्तू 'वितू विविली'; पण सहा, सात, नऊ हे अरबी आकडे, त्यांना काही चिकटत नाही: 'वातू सिता', 'वितू साबा'. दहाचा 'कुमी' अरबी नसूनही हलत नाही, त्याला इलाज नाही.

(खुर्चीला 'किती' म्हणतात. घरी फोनवर हे सांगितल्यापासून आईला स्वाहिली ही चेष्टेची भाषा वाटते.)

आता ती उलटी बाजू. मी वापरलेलं ॲप नामांच्या जोड्या पाठ करून घ्यायचं: म्तू-वातू, म्ती-मिती, किती-विती. चित्र दाखवायचं, अनेकवचन विचारायचं, बरोबर आलं की टाळ्या. पैसे भरून घेतलं होतं, म्हणून चिकाटीने केलं. गोदामात उतरल्यावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण नामाच्या डोक्यावर काय आहे यावर भरवसा ठेवता येत नाही. ड्रायव्हरला 'देरेवा' म्हणतात, अनेकवचन 'मादेरेवा', म्हणजे दिसायला फळं आणि गाड्यांच्या गटातला शब्द. पण तो माणूस आहे, म्हणून क्रियापद माणसाचं: 'देरेवा अमेफिका' (ड्रायव्हर पोचला), 'मादेरेवा वामेफिका' (ड्रायव्हर पोचले). 'किजाना' म्हणजे तरुण; डोक्यावर वस्तूचा 'कि', क्रियापद मात्र पुन्हा माणसाचंच. 'चुपा' म्हणजे बाटली, आणि बाटल्याही 'चुपा'च. 'दावा' म्हणजे औषध, औषधंही 'दावा'च. इथे नाम तोंड उघडत नाही, सगळं क्रियापद सांगतं.

ही गोष्ट माझ्या कामात पैशाची आहे. गोदामातून निरोप येतो, 'चुपा इमेवुंजिका'. एक बाटली फुटली. 'चुपा झिमेवुंजिका' आलं तर अनेक फुटल्या आणि मला नोंदवही घेऊन खाली जावं लागतं. फरक फक्त 'इ' आणि 'झि'चा. आपल्याकडे 'बॉक्स आला' आणि 'बॉक्स आले' यात नाम गप्प बसतं आणि क्रियापद आकडा सांगतं, तोच प्रकार. पण आपला फरक वाक्याच्या शेवटी येतो, तिथे कान आपोआप टवकारलेला असतो. स्वाहिलीत तो क्रियापदाच्या पहिल्या अक्षरात येऊन निघून जातो. माझ्या कानाला ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

टांझानियातल्या शाळांत मुलांना हे बरोबर बाजूने शिकवतात. नामांच्या गटाला तिथे 'न्गेली' म्हणतात आणि गटांची नावं नामावरून नाही, क्रियापदावरून ठेवलेली असतात: अ-वा, उ-इ, लि-या, कि-वि, इ-झि. देरेवा कुठल्या गटात? अ-वा. चुपा? इ-झि. कंटेनर? लि-या, कारण 'कोंतेना लिमेफिका, माकोंतेना यामेफिका'. झालं, एका उत्तरात वापरायला लागणारं सगळं मिळालं. याउलट परदेशी व्याकरणांत कार्ल माइनहोफ या जर्मन अभ्यासकाच्या परंपरेतले क्रमांक असतात, 1, 2, 3 करत स्वाहिलीत अठरापर्यंत जाणारे, आणि मध्येच 12 आणि 13 गायब. सगळ्या बंटू भाषा (स्वाहिलीचं सगळं कुळ) शेजारी ठेवून अभ्यास करायचा असेल तर ते क्रमांक फार सोयीचे आहेत. बाजारात निघालेल्या माणसाला न्गेलीच बऱ्या.

सगळ्यात सुखाचा अनुभव गल्लीतल्या दुकानात. त्याला इथेही 'दुका'च म्हणतात, अनेकवचन 'मादुका'. आहे का, असं विचारायचं तर शेवटी '-पो' लावतात आणि त्याच्या आधी वस्तूचा उपसर्ग. मायाई यापो? (अंडी आहेत का?) यापो. सुकारी इपो? इपो. वितुंगू विपो? विपो. म्काते उपो? हाउपो, पाव संपला. दुकानदार मान वर न करता वजन करत असतो, समोर चार गिऱ्हाइकं एकदम विचारत असतात, तो 'विपो, हाउपो, झिपो' असं म्हणत जातो आणि ज्याला त्याला आपलं उत्तर बरोबर कळतं, कारण 'विपो' कांद्यांनाच लागू पडतं, पावाला नाही. ही पुनरुक्ती कशाला हवी असं पुस्तक वाचताना वाटतं. गोंगाटात उभं राहिलं की वाटत नाही.

आता दोष. पहिला, काही उपसर्ग दोन-तीन ठिकाणी तेच वापरलेत. 'उमेफिका' म्हणजे 'तू पोचलास', आणि 'म्झिगो उमेफिका' म्हणजे 'माल पोचला'. मोबाइलवर नुसतं 'उमेफिका' आलं आणि प्रश्नचिन्ह टाकायचा आळस केलेला असला, की माल आला की मला विचारतायत, कळायला मार्ग नाही. 'इमेफिका'चंही तसंच: मालाचं अनेकवचन 'मिझिगो' धरलं तर खूप माल आला, 'दावा' धरलं तर एकच औषध आलं. आम्ही आता नाम लिहायची सक्तीच केली आहे.

दुसरा दोष शब्दकोशाचा. पैशांच्या पाठपुराव्यात मला सतत लागणारा शब्द 'हावाजातुलिपा': त्यांनी आम्हाला अजून पैसे दिलेले नाहीत. 'हा' नकार, 'वा' ते, 'जा' अजून, 'तु' आम्हाला, आणि मग कुठे 'लिपा', म्हणजे पैसे देणे. (हा 'जा' मला फार आवडतो. 'दिले नाहीत' आणि 'अजून दिले नाहीत' यात वसुलीवाल्याच्या दृष्टीने केवढं अंतर आहे, आणि इथे ते एका अक्षरात मिटवलंय.) कोशात हे शोधायचं 'ल'खाली. पण 'मालिपो' म्हणजे रक्कम अदा करणं, ते 'म'खाली, आणि पैसे देणारा 'म्लिपाजी' तोही 'म'खाली, मधे बरीच पानं टाकून. थोडक्यात, क्रियापदाचे चार थर सोलायचे आणि नामाचा एकही सोलायचा नाही. झुलू या दक्षिण आफ्रिकेतल्या बंटू भाषेत डोक आणि विलाकाझी यांच्या 1948 च्या कोशाने नामंही सोलूनच लावली. 'उमुन्तू' (माणूस) हा शब्द तिथे '-न्तू'पाशी सापडतो. ती पद्धत तर्काला धरून आहे, पण नवख्या माणसाला 'उमुन्तू'त कुठे काप द्यायचा हे आधी माहीत असावं लागतं. मला विचाराल तर स्वाहिलीची तडजोड बरी.

उसने शब्द या यंत्रात कसे जातात ते पाहणं ही फुकटची करमणूक. 'गारी' आपल्याकडच्या गाडीवरूनच आलीय, 'मागारी' गाड्या. आगगाडी म्हणजे 'गारी ला मोशी', धुराची गाडी. चिठ्ठीची 'चेती' झाली, अर्थ प्रमाणपत्र, आणि अनेकवचन झालं 'व्येती', जणू 'च' हा त्यांचाच उपसर्ग होता. चपातीला मात्र हा प्रसाद मिळाला नाही, ती एक असो की दहा, 'चापाती'च. गुजराती वेपाऱ्याचा 'बेपारी' झाला, मग 'माबेपारी', आणि त्याला भाववाचक 'उ' लावून 'उबेपारी' म्हणजे भांडवलशाही. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या 1967 च्या अरुशा घोषणेनंतर ज्या 'उजामा'चा (त्यांच्या समाजवादाचा) जगभर बोलबाला झाला त्यातला 'उ'ही हाच, आणि 'जामा' आपल्या जमातीच्या गोतातला अरबी शब्द. समाजवाद आणि त्याचा शत्रू, दोघंही एकाच उपसर्गावर उभे राहिले.

दारेसलामच्या बंदरातून झांबिया, काँगो, रवांडा, मलावी इकडे माल जातो, त्यामुळे अंगणात निरनिराळ्या भाषांचे ट्रकवाले असतात. इथे स्वाहिलीवर केलेली मेहनत दुप्पट फळते. माणसं म्हणजे स्वाहिलीत 'वातू', झुलू आणि किन्यारवांडात 'अबान्तू', शोनात 'वान्हू', लिंगालात 'बातो', त्स्वानात 'बाथो'. विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने या भाषांचं तौलनिक व्याकरण 1862 मध्ये छापायला सुरुवात केली. 'बंटू' हे कुळनाव त्याने रूढ केलं ते याच शब्दावरून. भाषांच्या नावांतही तेच: किस्वाहिली, इकिन्यारवांडा, चिचेवा, इचिबेम्बा, सेत्स्वाना, इसिझुलू, सगळीकडे डोक्यावर तोच जुना 'कि', जागोजागी उच्चार झिजलेला. युगांडातल्या लुगांडाच्या नावात हा 'कि' नाही: भाषा लुगांडा, माणूस मुगांडा, लोक बागांडा, राज्य बुगांडा. आणि देशाचं 'युगांडा' हे नाव स्वाहिली 'उ'तून आलेलं. माझी भाषा ट्रकवाल्यांच्या लेखी 'किमाराथी'.

इतर भाषांतले उपसर्ग याच जातीचे असतील असं मात्र धरू नका. संस्कृतात 'हृ' धातूला आ, वि, प्र, सम् लावून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. तिथे उपसर्ग अर्थ फिरवतो, वाक्यातल्या बाकीच्या शब्दांना त्याचं देणंघेणं नसतं. इंडोनेशियनमध्ये 'तुलिस'चं 'मनुलिस' होताना 'त' गिळला जातो, म्हणजे कोशात शोधण्याचा त्रास आहे, पण गटांची जुळवाजुळव नाही. स्वाहिलीला सगळ्यात जवळचं काही आढळलं ते आपल्याच देशात, शिलाँगला काही काळ होते तेव्हा. खासीत नामाआधी पुरुषी 'उ', बायकी 'का', अनेकवचनी 'की' येतो आणि क्रियापदाआधी तो पुन्हा म्हणावा लागतो. 'बाम' म्हणजे खाणे, 'जिंगबाम' अन्न. 'हिकाई' शिकवणे, 'नोंगहिकाई' शिक्षक. बंटूशी नातं काही नाही, पण कानाला वळण तेच लागतं. आणि गंमत म्हणजे बंटूच्या लांबच्या नात्यातली, पश्चिम आफ्रिकेतली फुला भाषा गटाची खूण शेवटी लावते: फुला जमातीचा एक माणूस 'पुलो', अनेक 'फुलबे'. आपल्या सवयीची बाजू.

नव्याने शिकणाऱ्यांनी अ-वा, कि-वि आणि इ-झि एवढ्या तीन न्गेली आधी घ्याव्यात, त्याही पूर्ण वाक्यातच. नामांच्या जोड्या नुसत्या घोकू नयेत. लि-या बाजारात फिरून आपोआप येते. जागेचे पा-कु-मु नंतर बघा, '-पो' तेवढा दुकानासाठी उचला. आणि पुढे नैरोबीला जाणं झालं तर तिथे लोक 'किताबू चांगू'ऐवजी सरसकट 'किताबू यांगू' म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. प्रमाण स्वाहिली 1928 साली झांझिबारच्या बोलीवरून ठरवली गेली, त्यामुळे या किनाऱ्यावर कान जरा तिखट आहेत. दारेसलामला परतल्यावर पुन्हा 'चांगू' म्हणायला लागा.