तोंड दाखवून हयातीचा दाखला: ‘जीवन प्रमाण’ ॲप हट्टी पेन्शनरांच्या कितपत कामाचं?

नोव्हेंबर लागला की दादर, गिरगाव, मुलुंडच्या बँकांमध्ये शटर उघडायच्या आधीच प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन मंडळी उभी असतात, पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षीचा ‘मी हयात आहे’ हा दाखला द्यायला. घरात स्मार्टफोन असतो, नातवंडं मदतीला तयार असतात, तरी उत्तर ठरलेलं: ‘तुमचं ते मोबाइलचं नको, मी बँकेत जाऊन सही करून येतो.’

आधी निकाल सांगून टाकतो. ‘जीवन प्रमाण’ ॲप फुकट आहे, काम चोख करतं, आणि ज्यांना जिना उतरणं जमत नाही त्यांच्यासाठी तर फारच सोयीचं आहे. फक्त ते पेन्शनरने एकट्याने वापरायचं ॲप आहे असं समजू नये. दोन माणसं असली की काम सोपं होतं: एक फॉर्म भरणारा आणि एक चेहरा देणारा. सरकारने त्यात तशी सोयही ठेवली आहे, पण हे घरात कुणी सांगत नाही. थेट फोन हातात देतात, ‘करा बाबा’ म्हणतात, आणि तिथेच गाडी अडते.

ही सेवा १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे. सुरुवातीला बोटाचा ठसा नाहीतर डोळ्याची बुबुळं लागायची. ठशासाठी वेगळं यंत्र हवं, आणि वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं त्यांच्या तर लवकरच. यंत्राने तीनदा ‘नाही’ म्हटलं की माणूस चिडणारच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून दाखला निघतो. आम्ही बोलतोय ते याच पद्धतीबद्दल.

लागतात दोन ॲप, आणि पहिला गोंधळ इथेच होतो. प्ले स्टोअरवरून आधी चेहरा ओळखणारं ‘आधार फेस आरडी’ घ्यायचं, मग ‘जीवन प्रमाण’. पहिल्याचं चिन्ह फोनच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही, कारण ते मागच्या मागे चालतं. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत नाव दिसलं म्हणजे ते आलं. हे माहीत नसल्याने लोक तेच तीन-तीनदा टाकत बसतात. फोन बेताचा चालतो, पण कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेलचा हवा. फोनची जागा गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेली असेल तर आधी ती साफ करा.

मग ‘ऑपरेटर’ची नोंदणी. ऑपरेटर म्हणजे फॉर्म भरणारा: मुलगी, सून, नातू, शेजारी, कुणीही. त्याने स्वतःचा आधार नंबर, मोबाइल आणि ई-मेल द्यायचा, ओटीपी टाकायचा आणि स्वतःचा चेहरा स्कॅन करायचा. हे एकदाच. त्यानंतर त्याच फोनवरून कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात, म्हणजे चाळीत किंवा सोसायटीत असा एक हौशी माणूस असला तरी सगळ्या मजल्यांचं काम होतं. पेन्शनरकडे स्वतःचा स्मार्टफोन असायचीही गरज नाही. बटनाच्या फोनवर ओटीपी वाचता आला की पुरे. आजी-आजोबांचा विरोध निम्मा इथेच मावळतो, कारण त्यांची भीती बहुतेक वेळा ‘मला हे शिकावं लागेल’ ही असते.

आता फॉर्म. चेहऱ्याचं प्रकरण लोकांना अवघड वाटतं, पण दाखले बाद होतात ते फॉर्ममुळे. पेन्शनरचं आधारवरचं नाव, पेन्शनचा प्रकार (स्वतःची की कुटुंब निवृत्तिवेतन), मंजूर करणारं कार्यालय, पैसे देणारी यंत्रणा, पीपीओ नंबर (पेन्शन देण्याच्या आदेशाचा क्रमांक) आणि पेन्शन जमा होते तो खाते नंबर, एवढं भरायचं असतं. ‘पुन्हा नोकरी’ आणि ‘पुन्हा विवाह’ हे दोन प्रश्नही असतात. दुसऱ्यावर हशा पिकतो, पण तेवढ्यात चुकून ‘हो’ दाबलं जाऊ नये. कुटुंब निवृत्तिवेतनात त्या उत्तराला खरंच अर्थ आहे.

मंजूर करणारं आणि पैसे देणारं, हे दोन रकाने नीट समजून घ्या. पैसे बँकेत पडतात म्हणून सगळे बँकेचं नाव निवडतात. केंद्र सरकारच्या बऱ्याच पेन्शनरांसाठी ते बरोबर असतं. पण कापड गिरणी, औषध कंपनी अशा खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटनेची असते, बँक फक्त पोचवते. तिथे दाखला संघटनेकडेच जायला हवा. राज्य सरकारच्या पेन्शनरांचं जिल्ह्यांत कोषागार, तर मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय. यादीत तुमचं कार्यालयच नसेल तर जवळचं कुठलं तरी निवडून पुढे जाऊ नका, त्या वर्षी कागदी दाखलाच द्या. यादी इंग्रजी आणि सरकारी भाषेतली आहे, हा ॲपचा सर्वांत मोठा दोष. पीपीओची मूळ प्रत समोर ठेवूनच बसावं. पासबुकावर पेनाने लिहिलेला नंबर बऱ्याचदा अर्धवट असतो.

नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन आणि स्वतःच्या नोकरीची पेन्शन, अशा दोन असतील तर दाखलेही दोन. प्रत्येक पीपीओचा वेगळा. एकच काढून निर्धास्त राहिलेल्या बायकांची दुसरी पेन्शन अडकते.

चेहरा स्कॅन करताना ॲप गोलात तोंड आणायला सांगतं आणि डोळे मिटून उघडायला लावतं, समोर फोटो नाही तर जिता माणूस आहे याची खात्री म्हणून. चाळीतल्या खोलीत किंवा तळमजल्यावर अडचण उजेडाची. खिडकीला पाठ करून बसवलं की चेहरा काळा पडतो. गॅलरीच्या दाराकडे तोंड करून, मागे साधी भिंत ठेवून बसवा. चष्मा काढा, काचेवर ट्यूबलाइट चमकते. फोन त्यांच्या हातात देऊ नका, हात थरथरतो आणि मान खाली जाते. ऑपरेटरने तो डोळ्यांच्या रेषेत धरावा आणि ‘आता मिटा, आता उघडा’ असं सावकाश सांगावं. पापण्या उतरलेल्या असतील तर डोळे जरा मोठे करून मग मिटायला सांगा. अंथरुणाला खिळलेल्यांना उशांचा टेका देऊन बसतं करावं, वरून फोन धरला की चेहरा चपटा येतो.

इतकं करूनही जुळत नसेल तर दोन कारणं तपासा. चेहरा जुळवला जातो तो आधारच्या नोंदीतल्या फोटोशी. आधारची सुरुवातच सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत झाली, आणि मुंबईतल्या अनेक ज्येष्ठांचा फोटो त्या पहिल्या काही वर्षांतला आहे. तेव्हा मिशी होती, दात होते, वजनही होतं. फोटो घरबसल्या बदलता येत नाही, आधार केंद्रावरच जावं लागतं. हे काम सप्टेंबरातच उरकावं. दुसरं कारण हुशार मुलांनी करून ठेवलेलं असतं: फसवणूक नको म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं. ते उघडल्याशिवाय चेहरा कितीही वेळा दाखवा, उपयोग नाही.

सगळं जमलं की प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, मिळतो आणि मोबाइलवर संदेश येतो. इथे ज्येष्ठांचा आक्षेप आम्हाला पूर्ण पटतो. बँकेत शिक्का मारलेली पोच मिळते, इथे नुसता आकडा. आणि तो आकडा म्हणजे दाखला मंजूर झाला असंही नाही. पेन्शन देणारी यंत्रणा माहिती चुकली म्हणून तो नाकारू शकते. काही दिवसांनी ‘जीवन प्रमाण’च्या संकेतस्थळावर स्थिती पाहायची, नाकारला असेल तर माहिती दुरुस्त करून नवा काढायचा. ही दुसरी पायरी बहुतेक घरांत राहून जाते आणि डिसेंबरची पेन्शन आली नाही की ‘म्हणून सांगत होतो’ ऐकावं लागतं. पेन्शन बुडत नाही, दाखला पोचला की थकबाकीसह चालू होते, पण त्या माणसाचा ॲपवरचा विश्वास मात्र कायमचा जातो. म्हणून दाखल्याची पीडीएफ छापून त्यांच्या फाइलला लावाच. हातात कागद आला की बरीच कुरकुर थांबते.

तारखा: सर्वसाधारण मुदत १ ते ३० नोव्हेंबर. ८० पूर्ण झालेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, वर्षात कधीही द्या, त्या दिवसापासून वर्षभर चालतो. गर्दीत सर्व्हर रखडतो, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

‘तुमचा दाखला अद्ययावत करतो, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. ते ठेवून द्यायचे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडायची नाही. परदेशातल्या मुलाने स्क्रीन शेअर करून काम उरकू असं म्हटलं तरी नको. ती सवय लागली की उद्या भामट्यालाही स्क्रीन दाखवली जाते.

घरात ऑपरेटर व्हायला कुणीच नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ७० रुपयांत. ॲपला नको म्हणणारे पोस्टमनला सहसा नको म्हणत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे: तोच फॉर्म, तेच आधार, फक्त समोर गणवेशातला ओळखीचा माणूस. ज्यांचे पाय चालतात आणि बँकेच्या बाकावर जुने सहकारी भेटतात, त्यांना आम्ही ॲपचा आग्रह करणार नाही. कागदी दाखला अजून चालतो.

ॲप वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, गेल्या वर्षीचा प्रमाण आयडी या वर्षी चालत नाही. दरवर्षी नवा दाखला, नवा आकडा. फाइलीतला जुना कागद काढून नवा लावा, नाहीतर पुढच्या नोव्हेंबरात बँकेत तोच जुना कागद दाखवला जातो.