पुणे–चिपी छोट्या विमानानं: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दहा महिन्यांत पुणे–सिंधुदुर्ग (चिपी विमानतळ) विमानानं माझ्या बारा फेऱ्या झाल्या. कारण एकच, आई. ती कुडाळजवळ गावी एकटी असते आणि तिचे गुडघ्यांचे उपचार पुण्यात चालू आहेत. आधी आम्ही रात्रीच्या बसनं यायचो. घाटातली वळणं सुरू झाली की आई पुढच्या सीटचा दांडा पकडून बसायची, ती थेट उजाडेपर्यंत. पुण्यात उतरल्यावर तिचा पहिला दिवस नुसता झोपण्यात जायचा. आता हवेतला वेळ जेमतेम तासाभराचा.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते या मार्गाबद्दल आणि या जातीच्या विमानाबद्दल आहे.

विमान एटीआर ७२. पंखे असलेलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट, साधारण सत्तर माणसं. दार मागच्या बाजूला आणि जिना विमानाचाच, त्यामुळे चालत जायचं आणि चार-पाच पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मोठ्या विमानाच्या उंच शिडीपेक्षा हे कितीतरी सोपं. पहिल्या वेळी आईनं दारातच थांबून पंख्याची सहा पाती मोजली आणि मला म्हणाली, "अगो, ह्या उडता मा नीट?" उतरल्यावर म्हणाली, "माका वाटला यष्टीसारखा हालतला. बरा आसा." हलतं, खोटं कशाला सांगू. हे विमान मोठ्या जेटपेक्षा बरंच खालून जातं, म्हणून ढगांचे धक्के जास्त बसतात. पण खालून जातं म्हणूनच सह्याद्रीची धार, खाड्या, माडांच्या रांगा स्पष्ट दिसतात. पंख वर असल्यानं खिडकीखाली काही आड येत नाही. शेवटी चिपीचा सडा येतो, तांबडा कातळ आणि त्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी. मे महिन्यात उतरताना तो सडा करपलेला होता, पावसाळ्यानंतर त्याच जागी हिरवंगार गवत आणि फुलं.

जिथे मोठं विमान भरत नाही तिथे हेच परवडतं. कमी अंतरावर पंख्याचं विमान जेटपेक्षा पुष्कळ कमी इंधन खातं. तरी निव्वळ तिकिटावर असे मार्ग चालत नाहीत, हे आपल्याकडे आधी एकदा दिसलं आहे. १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून 'वायुदूत' काढली, लहान गावं जोडायला. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. लहान शहरं विमानानं जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेनं त्यातून धडा घेतला. काही सीटच्या भाड्यावर मर्यादा, त्यामुळे पडणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरतात, इंधनावरचा कर कमी, आणि मार्गावर तीन वर्षं तो चालवणाऱ्या कंपनीचा एकटीचा हक्क. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईहून पहिलं विमान आणणारी अलायन्स एअर याच योजनेतून आली. ही १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून निघालेली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, ही मात्र सरकारकडेच राहिली.

माझी काळजी त्या तीन वर्षांच्या मुदतीची आहे. ती संपून तूट भरणारं अनुदान थांबलं की फेरीही थांबू शकते. आईसारख्या माणसानं उपचारांच्या तारखा विमान बघून ठरवाव्यात आणि पुढच्या वेळापत्रकात ते विमानच नसावं, ही धास्ती मला खरी वाटते. फेऱ्या आठवड्यातले ठरावीक दिवसच असतात, त्यामुळे एक रद्द झाली की दुसऱ्या दिवशीची मिळत नाही.

तसं झालंही. जुलैत ढग इतके खाली आले की आमची फेरी रद्द झाली. पावसाला कोण काय करणार! पण मेसेज आला तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो आणि फोन लागायला चाळीस मिनिटं गेली. आई बॅगेवर हात ठेवून गाडीत बसून होती. पैसे परत मिळाले, डॉक्टरांची तारीख मात्र तीन आठवडे पुढे गेली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी कोकण रेल्वेनं पनवेलपर्यंत येते आणि पुढे गाडी करते.

सामानाची मर्यादा पंधरा किलो. हापूसच्या दोन डझनांच्या दोन पेट्या आणि चार कपडे त्यात बसतात. वरचे कप्पे लहान आहेत, चाकांची मोठी बॅग तिथे जात नाही, ती खालीच द्या. चिपीहून घरी जायची गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि निघताना परत फोन करा. आम्ही एकदा न सांगता आलो आणि सड्यावर तासभर उन्हात उभे होतो.

सीट मागच्या रांगांतली घ्या. पंख्यांचा आवाज पुढे जास्त असतो, आणि दार मागे असल्यानं उतरताना वयस्कर माणसाला ताटकळावं लागत नाही. पुण्याहून येताना उजवीकडची खिडकी मागा, किनारा त्याच बाजूला असतो.