डेबियनवर सॉफ्टवेअर टाकायला सिनॅप्टिक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या वाचनालयात तीन जुने संगणक आहेत, प्रत्येकी ४ जीबी रॅमचे. नऊ महिन्यांपूर्वी तिन्हींवर डेबियन १२ ही लिनक्सची प्रणाली टाकली, ग्नोम डेस्कटॉपसकट (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरचं खिडक्या-मेन्यूंचं रूप). तेव्हापासून सॉफ्टवेअर टाकायला-काढायला ग्नोमचं 'सॉफ्टवेअर', केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं 'डिस्कव्हर' आणि 'सिनॅप्टिक' अशी तीन साधनं वापरून पाहिली. आता माझं सगळं काम सिनॅप्टिकवर चालतं. नवख्याला अजूनही 'ते जुनाट आहे, त्याच्या नादी लागू नको' असं सांगितलं जातं. मराठीत काम करणाऱ्याचं त्यात नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात झाली ओसीआरपासून, म्हणजे स्कॅन केलेल्या पानातून अक्षरं ओळखून घेण्यापासून. वाचनालयाची जुनी ग्रंथयादी छापील आहे, ती स्कॅन करून संगणकात आणायची होती. ग्नोम सॉफ्टवेअरमध्ये 'जीइमेजरीडर' हे ओसीआरचं ॲप सापडलं, एका क्लिकवर बसलंही. पण भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी. ते ज्याच्या जोरावर अक्षरं ओळखतं त्या 'टेसरॅक्ट'सोबत डेबियनमध्ये इंग्रजीचाच डेटा येतो. मराठीचं 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' हे पॅकेज (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर अशा गठ्ठ्यांत येतं) वेगळं टाकावं लागतं. ग्नोम सॉफ्टवेअरमध्ये ते शोधून शोधून दमलो. तिथे मुख्यतः 'ॲपस्ट्रीम'ची माहिती जोडलेली ॲप्स दिसतात, म्हणजे ज्यांना आयकॉन आहे, जी उघडता येतात ती. भाषेचा डेटा उघडता येत नाही, म्हणून तो दुकानात मांडलेलाच नसतो.

सिनॅप्टिक टाकलं आणि शोधात इंग्रजी अक्षरांत 'मराठी' लिहिलं. ओसीआरचा डेटा, शुद्धलेखन तपासणाऱ्या ॲस्पेलचा मराठी शब्दकोश, लिबरऑफिस आणि फायरफॉक्सची मराठी भाषांतरं, सगळं एका यादीत समोर आलं. डेबियन १२मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत, आणि आपल्या भाषेची बरीचशी सामग्री अशी बिनचेहऱ्याच्या पॅकेजांत असते. ती मला दिसली नसती तर ग्रंथयादी हाताने टाइप करत बसलो असतो. (रफार आणि जोडाक्षरं ओसीआरनंतर तपासावी लागतातच, पण तरी कितीतरी मेहनत वाचली.)

दुसरं कारण इंटरनेट. आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, आणि आतल्या खोलीतल्या संगणकाला तेही मिळत नाही. सिनॅप्टिकच्या फाइल मेन्यूत पॅकेजेस डाउनलोड करण्याची स्क्रिप्ट (कमांडची छोटी फाइल) बनवून घेण्याची सोय आहे. आतल्या संगणकावर हवं ते निवडायचं, स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घ्यायची, बाहेरच्या संगणकावर चालवायची, आलेल्या डेब फाइली (म्हणजे पॅकेजेस) परत नेऊन त्याच मेन्यूतून जोडायच्या. पॅकेजला ज्या इतर पॅकेजांची गरज असते तीही स्क्रिप्टमध्ये येतात. काळजी एकच: आतल्या संगणकावरची पॅकेजांची यादी फार जुनी असेल तर त्या आवृत्त्या सर्व्हरवरून गेलेल्या असतात आणि डाउनलोड अडतं. म्हणून मी महिन्यातून एकदा तो संगणक उचलून बाहेर आणतो, नेटला जोडतो आणि यादी ताजी करून घेतो. बाकी दोन साधनांत मला ही सोय कुठेच दिसली नाही. आमच्यासारख्या गावात ती सगळ्यात मोलाची आहे.

डिस्कव्हरबद्दल थोडक्यात: नीटनेटकं आहे, केडीई वापरणाऱ्याने ते जरूर वापरावं. ग्नोमवर टाकलं की मात्र केडीईच्या बऱ्याच लायब्ररी (ॲप्सना लागणारे कोडचे सामायिक संच) सोबत येतात. आठवडाभराने काढलं.

सिनॅप्टिक बदल आधी दाखवतं आणि मग करतं, हे मला सर्वांत आवडतं. एकदा ग्नोमचा व्हिडिओ प्लेअर 'टोटेम' काढून व्हीएलसी ठेवायचं ठरवलं. टोटेमवर काढण्याची खूण करताच खिडकी आली: सोबत 'ग्नोम-कोर'ही जाईल. हे पॅकेज स्वतः जवळपास रिकामं असतं, डेस्कटॉपचे भाग एकत्र बांधून ठेवतं. ते गेलं की त्याच्यामुळे आलेले भाग 'आता गरज नाही' या यादीत जाऊन पडतात, आणि पुढे कोणी सफाई केली की डेस्कटॉपच उघडा पडतो. यादी वाचली म्हणून थांबलो. टोटेम तसंच ठेवलं, व्हीएलसी शेजारी टाकलं. ही यादी दर वेळी वाचायची सवय लावून घ्या. घाईघाईत 'लागू करा' दाबणाऱ्याच्या हातात सिनॅप्टिक धोकादायक आहे, हे मी लपवणार नाही.

उणिवा आहेतच. दिसायला ते २००१च्या काळातलंच वाटतं. (ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीत त्याचा जन्म झाला. ती कंपनी २००५ मध्ये दुसरीत विलीन झाली, हत्यार मात्र अजून चालतंय याचं मला कौतुक वाटतं.) बुद्धिबळ शोधलं की खेळांबरोबर ढीगभर लायब्ररी समोर येतात. फ्लॅटपॅक ही ॲप्स देण्याची वेगळी पद्धत त्याला कळत नाही, त्यामुळे फ्लॅटहब या तिच्या भांडारातली ताजी आवृत्ती हवी असेल तर ग्नोम सॉफ्टवेअरकडेच जावं लागतं. तिथेही ॲपच्या पानावर वर कोपऱ्यात स्रोत कोणता निवडलाय ते आधी बघा. मी न बघता एकदा फ्लॅटहबवरून घेतलं. ॲप छोटंसंच, पण ते चालायला लागणारा पायाभूत संच, म्हणजे रनटाइम, शेकडो एमबींचा. त्या दिवसाचा डेटा तिथेच संपला.

ग्नोम सॉफ्टवेअर पार्श्वभूमीला अपडेट तपासत असताना सिनॅप्टिक उघडलं तर ते कुलूप मिळत नसल्याचा संदेश देऊन अडतं (एका वेळी एकाच साधनाला बदल करता येतो). थोडं थांबून पुन्हा उघडायचं. मी ग्नोमची आपोआप अपडेट बंदच केली. तिथे अपडेट बसतात संगणक पुन्हा सुरू होताना, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. सिनॅप्टिकमध्येही एकदा अपडेट चालू असताना वीज गेली. परत उघडलं तेव्हा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'डीपीकेजी कॉन्फिगर'ची, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण बसवण्याची, कमांड चालवायला सांगितलं. चालवली, सुरळीत झालं. पण माउसवर काम करणाऱ्याला त्या क्षणी टर्मिनलकडे पाठवणं बरं नव्हे. ते काम एका बटणात व्हायला हवं होतं.

आमच्या ग्रंथपाल ताई मात्र ग्नोम सॉफ्टवेअरच उघडतात, चित्रं आणि अभिप्राय बघून निवडतात. त्यांच्या संगणकावर ते ठेवलंय. मुलांसाठीचे खेळ त्यांनी तिथूनच शोधले, आणि ते छान आहेत. काही काढायचं असलं की मला हाक मारतात, मग आम्ही दोघं सिनॅप्टिकची यादी मोठ्याने वाचतो. पुढच्या महिन्यात डेबियन १३वर जायचंय. तेव्हा तिन्ही संगणकांच्या निवडी सिनॅप्टिकच्याच 'सेव्ह मार्किंग्ज'मधून फाइलमध्ये जपून ठेवणार आहे.