बोटावरचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर किती खरे सांगतो?

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची दुसरी लाट शिगेला पोहोचलेली असताना, घराजवळच्या औषधांच्या दुकानातून मी बोटाला लावायचा, रक्तातील ऑक्सिजनचा टक्का दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर १,८०० रुपयांना घेतला. पुढे जुलैमध्ये सरकारने या यंत्रावरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. एप्रिलमध्ये मात्र भावाची घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. तेव्हापासून हे यंत्र आमच्या घरात नियमित वापरात आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

वापराच्या सोयीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दोन बारीक सेलवर ते अनेक महिने चालते, आकडा दहा सेकंदांच्या आत येतो, तो आईला चष्म्याशिवाय वाचता येतो आणि चिमट्याची स्प्रिंग अजून सैल झालेली नाही. प्रश्न आहे तो दिसणारा आकडा कोणाच्या बोटावर किती खरा, हा.

माझी आई रंगाने चांगलीच सावळी आहे. त्या एप्रिलमध्ये तिच्या तापाच्या पाचव्या दिवशी यंत्र ९५ दाखवत होते, आणि तेव्हा ९४ च्या खाली गेल्यास रुग्णालय गाठायचे हे सर्वांनाच पाठ झाले होते. आकडा आम्हाला धीर देत होता, परंतु आई एक वाक्य पुरे करताना दोनदा श्वासासाठी थांबत होती, म्हणून आम्ही तिला घेऊन गेलो. तेथे मनगटातील धमनीतून रक्त घेऊन तपासले तेव्हा ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्के निघाले. त्याच वेळी बोटावर ९४ दिसत होते. आई बरी झाली. हा फरक केवळ त्वचेच्या रंगामुळे पडला असे एका प्रसंगावरून म्हणता येणार नाही, कारण बोटे गार असली, रक्ताभिसरण मंदावले किंवा हात हलला तरी आकडा चुकतो. पण त्या पाच अंकांनी मला वाचायला लावले.

या यंत्राचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. बोटाच्या एका बाजूने तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश सोडले जातात. ऑक्सिजनयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन नसलेले अधिक. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी हे शोषण किती बदलते ते मोजून यंत्र गुणोत्तर काढते. त्या गुणोत्तराचा टक्का करण्याचे कोष्टक मात्र गणिताने ठरलेले नसते. निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन मुद्दाम कमी करून, त्यांच्या रक्ताशी ताळा जुळवून ते बसवलेले असते. त्या स्वयंसेवकांत बहुतेक गोरी माणसे असतील तर गडद त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाशावर जो परिणाम करते त्याचा हिशेब कोष्टकात नीट येत नाही, आणि चूक बहुधा धोक्याच्या दिशेने होते, म्हणजे ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांनी याची किंमत मोजली आहे. २०२० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी या यंत्रातील वर्णभेदावर लेख लिहिला. त्यानंतर मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच नोंदी तपासल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना प्रत्यक्ष रक्तात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत ११.७ टक्के होते. मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते या गोष्टीने की हे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. १९९० मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये संशोधकांनी हा दोष लिहून ठेवला होता. १९७० च्या दशकात तर कानाला लावायचा, दोनऐवजी आठ तरंगलांबींचा प्रकाश वापरणारा ऑक्सिमीटर बाजारात होता. तो अवजड आणि महाग होता, आणि सुटसुटीत दोन दिव्यांच्या यंत्राने त्याची जागा घेतली.

नियमही फारसे कडक नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा जणांच्या चाचणीत दोघे गडद त्वचेचे असले की पुरे होते, आणि गडद कोणाला म्हणायचे याचे नेमके माप नव्हते. ते माप आता एका कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाच्या कामातून मिळाले आहे. हार्वर्डचे एलिस मंक यांनी त्वचेच्या दहा छटांची पट्टी तयार केली, ती २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि त्याच प्रशासनाच्या जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात तीच पट्टी वापरून सुमारे दीडशे माणसांवर चाचणी घेण्याचे सुचवले गेले. ब्राउन विद्यापीठाचे कृष्णवर्णीय अभियंते किमानी तुसाँ यांच्या गटाने याच्या पुढे जाऊन मोजण्याची रीतच बदलण्याचा प्रयत्न केला आहे. ते विशिष्ट प्रकारे ध्रुवीकृत केलेला, म्हणजे लहरी ठरावीक दिशांनीच कंप पावतील असा प्रकाश वापरून मेलॅनिनचा अडथळा कमी करू पाहतात. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मुख्यत्वे कृष्णवर्णीय वस्तीची सेवा करणाऱ्या एका आरोग्य केंद्राने तर २०२३ मध्ये उत्पादक आणि विक्रेत्यांना न्यायालयात खेचले. त्वचेच्या सर्व छटा असलेल्या आपल्या देशातील ग्राहकांनी या लोकांचे ऋण मानावे असे मला मनापासून वाटते.

माझ्या यंत्राच्या पत्रकावर अचूकता ‘अधिक-उणे २ टक्के’ एवढेच छापलेले आहे. याचा अर्थ सुमारे दोन तृतीयांश वेळा आकडा त्या मर्यादेत राहतो, उरलेल्या वेळी नाही. त्या वेळी फरक दुप्पटही असू शकतो, म्हणजे ९० दिसले तर खरे प्रमाण ८६ ते ९४ मध्ये कोठेही असू शकते. चाचणी कोणत्या वर्णाच्या किती माणसांवर घेतली, असे मी कंपनीला पत्राने विचारले, तेव्हा उत्तरात त्याच २ टक्क्यांचा पुन्हा उल्लेख आला. चाचणी कोणावर घेतली ही एक ओळ डब्यावर छापायला खर्च येत नाही, आणि ती छापलेली नाही म्हणून मी या यंत्राला पाचपैकी तीनच तारे देतो.

तरीही ते घरात असावे. आम्ही हात चोळून गरम करतो, नखांवर रंग असेल तर तो पुसतो, हात छातीच्या उंचीला स्थिर धरतो आणि आकडा अर्धा मिनिट स्थिरावू देतो. आई बरी असताना दर रविवारी तिचा आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो. तो एरवी ९८ असतो. म्हणून तिच्या बोटावर ९५ दिसले की पत्रक काहीही म्हणो, आम्ही ती घसरण समजतो आणि डॉक्टरांना फोन करतो.