घरपत्राची साइट: साइटबिल्डर, पाकळीचा ‘ल’ आणि रिन्यूअलचं बिल

रिन्यूअलचा मेल आला आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं. साइटबिल्डर, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवून देणारी सेवा, तिचं पहिल्या वर्षी महिना 149 रुपयांना दिलेलं पॅकेज दुसऱ्या वर्षी 449 ला. बारा महिन्यांचे 5,388, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सहा हजार तीनशेच्या पुढे. कशासाठी? तर तीन महिन्यांतून एकदा निघणाऱ्या घरपत्रासाठी. त्यात ऐवज काय, तर बारशी, दहावीचे निकाल, गावच्या घराची कौलं आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांना असंच बिल आलंय ते ओळखतीलच.

साइट कशाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की, असं कुणी विचारेल. ग्रुपवर टाकलेला फोटो दुपारपर्यंत सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. आणि कुलवृत्तांताचा ग्रंथ एकदा छापला की नंतर झालेल्या सुना-जावयांना पुढच्या आवृत्तीपर्यंत अस्तित्वच नाही. मधलं काहीतरी हवं होतं.

बिल्डर तसा सोपा. ड्रॅग-ड्रॉप, टेम्प्लेट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझं दुखणं ‘ल’ आणि ‘श’चं. टेम्प्लेटमधला देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचा. आपण पाटीवर गिरवलेला ‘ल’ म्हणजे मधे देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. शासनाच्या 2009 च्या लिपीविषयक निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हेच धरलेत. इथे मात्र ‘लेले’ असो की ‘शशिकला’, सगळं रेल्वे स्टेशनवरच्या हिंदी पाटीसारखं. चुलतभाऊ म्हणाला, “अरे, वाचता येतंय ना?” येतंय. पण घरच्या लग्नपत्रिकेवर तू असा ल चालवून घेतला असतास का? यावर तो गप्प बसला. आत्याने मात्र, चाळीस वर्षं पहिलीला शिकवलंय तिने, अंक उघडल्या उघडल्या विचारलं, “हे कोणी दिल्लीत टाइप केलं का रे?”

सपोर्टच्या चॅटवर गेलो. उत्तर आलं: आमच्याकडे देवनागरीला पूर्ण सपोर्ट आहे. मी म्हटलं, देवनागरी ही लिपी झाली, भाषेचं काय? पुन्हा तेच वाक्य, शेवटी हसरा चेहरा. मग मीच पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बघितला. पहिल्याच ओळीत भाषेचा संकेत ‘एचआय’, म्हणजे हिंदी. सेटिंगमधल्या यादीत मराठी नाहीच. हा संकेत दिसायला क्षुल्लक, पण बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणांची अक्षरं भरलेली असतात आणि यातलं कोणतं दाखवायचं हे ब्राउझर त्या संकेतावरून ठरवतो. ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलं आणि फॉन्टात सोय असली की पाकळीचा ल आपोआप येतो. दोन अक्षरं बदलायची होती. ती बदलायला म्हणे वरचं पॅकेज घ्या. तिथे माझं टाळकं सटकलं.

निघायचं ठरवलं तर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्याच हातात. दुसरीकडे न्यायला ऑथ कोड, म्हणजे परवानगीचा पासवर्ड, लागतो. तो मागितला की चॅटवाला आधी डिस्काउंट द्यायचा, मग ‘टेक्निकल टीम’कडे पाठवायचा. शेवटी लिहिलं की डॉट कॉमच्या बाबतीत आयकॅनच्या (डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमानुसार मागितल्यापासून पाच दिवसांत कोड द्यावाच लागतो. कोड आला. ट्रान्स्फरसाठी जे पैसे जातात त्यात डोमेनची मुदत एका वर्षाने वाढते, म्हणजे ते वाया गेले नाहीत. एक लक्षात ठेवा: डोमेन नवं असेल तर पहिले 60 दिवस ते हलवता येत नाही. म्हणून ‘डोमेन फ्री’ वाचून भुलू नका, पहिल्यापासून वेगळ्या ठिकाणी घ्या.

आता साइट गिटहब पेजेसवर, म्हणजे आपण लिहिलेली पानं फुकट ठेवून देणाऱ्या सेवेवर आहे. होस्टिंगचा खर्च शून्य. साइटचा आकार 1 जीबीपर्यंत आणि महिन्याला 100 जीबी डेटा ही मर्यादा आहे, आमच्या खानदानाला ती पुरून उरेल. साधं एचटीएमएल (वेबपानाचा कोड) हाताने लिहिलेलं, अंकाला एक पान. फॉन्ट ‘टिरो देवनागरी मराठी’, फुकट आहे आणि मुळातच मराठी वळणाचा. ‘पाकळी’, ‘शाळा’, ‘लोणचं’ लिहून नुसतं बघत बसलो होतो, खोटं कशाला बोला. त्यात ठळक वजन नाही एवढीच खोट. ब्राउझर ओढूनताणून ठळक करतो तेव्हा जोडाक्षरांत शाई फुटल्यासारखी दिसते, म्हणून मथळे नुसते मोठे आणि तांबडे ठेवलेत. पानांची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत द्या. ‘दिवाळी’ नावाच्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की त्या एका शब्दाची टक्क्याच्या खुणांसकट 54 चिन्हं होतात आणि काकांना वाटतं व्हायरस आला.

फोटोंचं थोडक्यात. आयफोनचे एचईआयसी फोटो सगळ्या ब्राउझरात दिसत नाहीत, जेपीजी करा. लांब बाजू 1600 पिक्सेल पुरते. चार-पाच एमबीचा फोटो तीन-चारशे केबीवर येतो आणि फरक कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून आलेल्या मूळ फोटोत घराचं लोकेशन असू शकतं, ते काढूनच चढवा. गिटहबच्या फुकटच्या खात्यात फाइली सार्वजनिक असतात आणि पासवर्डची सोय नाही. गूगलने पान यादीत घेऊ नये म्हणून पानात ‘नोइंडेक्स’ अशी सूचना घातलीय, पण ते काही कुलूप नाही. त्यामुळे फोन नंबर, जन्मतारखा आणि लहान मुलांची पूर्ण नावं साइटवर नाहीत.

अनपेक्षित सुख छपाईचं मिळालं. आजोबांना अंक कागदावरच लागतो. बिल्डरच्या पानाची प्रिंट काढली की मेन्यू, कुकीची पट्टी, जाहिरातीचं बटण सगळं कागदावर उतरायचं आणि फोटो मधोमध कापले जायचे. आता सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये) छपाईसाठी चार ओळी वेगळ्या लिहिल्यात. ए-फोरची दोन पानं, पाठपोट, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून.

इथवर लिहून हे तसंच ठेवलं होतं. मधल्या काळात नव्या साइटवरून एक अंक निघाला आणि मत थोडं बदललंय. बिल्डरवर डोंबिवलीची वहिनी आणि न्यू जर्सीचा भाचा आपापल्या फोनवरून मजकूर, फोटो थेट चढवायचे. मी फक्त शुद्धलेखन बघायचो. आता गिटहब म्हटलं की सगळे हात वर करतात. मजकूर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही तुकड्यातुकड्यांत, निम्मा व्हॉइस नोटमध्ये. “तू बघ ना जरा नीट करून” हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. अंक आठवडाभर उशिरा निघाला, आणि उशीर का झाला हे विचारणारे तेच, ज्यांनी फोटो शेवटी पाठवले. थोडक्यात, हौसेने बसून टाइप करणारं कुणी घरात नसेल तर बिल्डरला पैसे द्या. पण पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, दुसऱ्या वर्षाची विचारा, आणि घेण्याआधी भाषांच्या यादीत मराठी आहे का तेही बघा.

बिल्डरला पाचपैकी दोन तारे. दोन्ही वहिनीला फोटो चढवता यायचे म्हणून. नव्या व्यवस्थेला चार. पाचवा आत्याने कापलाय, वाढदिवसाच्या यादीत तिला नावं ठळक हवी आहेत.